हेलिकॉप्टर पाहायला मोटारसायकलवरून

कुणाच्या यजमानांना पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या क्रिकेटचा. आमच्या ह्यांना हेलिकॉप्टरांचा आहे. तीही उडणारी नव्हेत, तर उडायची थांबलेली; लष्कराच्या सेवेतून निवृत्त होऊन एखाद्या संग्रहालयाच्या अंगणात नाहीतर चबुतऱ्यावर उभी राहिलेली. रजा आणि पैसे यांचा मेळ बसला की मोटारसायकल काढायची, तिथवर जायचं, चारी बाजूंनी फोटो काढायचे, परत आल्यावर ते छापून वहीत चिकटवायचे आणि खाली तारीख न् किलोमीटर लिहायचे. अशा दोन वह्या आमच्या कपाटात माझ्या ठेवणीतल्या साड्यांशेजारी आहेत.

लग्नाला बारा वर्षं झाली. या छंदातला माझा वाटा ठरलेला होता. डबा भरून द्यायचा, "हळू चालवा" म्हणायचं आणि संध्याकाळी फाटकाकडे कान लावून बसायचं. बुलेटचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आमटीला फोडणी द्यायची. ज्यांचे यजमान फिरतीवर असतात त्या मैत्रिणींना हे कान लावणं काय असतं ते वेगळं सांगायला नको.

गेल्या डिसेंबरात मात्र मी मागच्या सीटवर बसून ह्यांच्याबरोबर गेले. कोल्हापूरहून गोव्याला, वास्कोजवळच्या बोगमाळोला. तिथे नौदलाचं विमानांचं संग्रहालय आहे. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. स्नेहसंमेलनाच्या तयारीमुळे माझ्या तासांना चार दिवस सुट्टी मिळाली आणि सासूबाई आपणहून म्हणाल्या, "जा गं, मुलांचं मी बघते." हे झालं एक कारण. दुसरं जरा घरातलं आहे, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. येत्या जूनमध्ये लेहला मोटारसायकलवरून जायचं ह्यांच्या मनात घोळत होतं. गाडी चौदा वर्षांची, घाट सतरा हजार फुटांच्या वरचे आणि सोबतीला एकच मित्र. मला त्यावर बोलायचं होतं, पण काय बोलावं ते सुचत नव्हतं. 'जाऊ नका' म्हणावं तर माणसाचं मन मोडतं, आणि काहीच न बोलावं तर जून महिना आपल्याच छातीवर येऊन बसतो. म्हटलं, आधी हा छंद आहे तरी काय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू, मग बोलू.

पहाटे सहाला निघालो. कागलपर्यंत थंडीने बोटं आखडली होती. साखर कारखान्यांचे दिवस असल्यामुळे रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या. मोटारीत बसलं की आपण काचेतून बघतो. मोटारसायकलवर सगळं अंगावर येतं. गुऱ्हाळाचा गोड वास, निपाणीजवळचा तंबाखूचा उग्र दर्प, मध्येच शेतातल्या पाण्याचा गारवा. निपाणीला महामार्ग सोडून आम्ही उत्तूर-आजऱ्याच्या रस्त्याला लागलो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आपण नावाजून खातो, पण त्याचा मुलूख मी पहिल्यांदाच पाहिला. हळूहळू ऊस संपतो, झाडी दाट होते आणि माती लाल व्हायला लागते.

उत्तूरच्या पुढे मागचं चाक बसलं. खिळा घुसला होता. आजूबाजूला दुकान नाही, घर नाही. मी घाबरले. हे मात्र शांतपणे उतरले, पेटीतून पाने आणि ट्यूब काढली, रस्त्याकडेला पोतं अंथरलं आणि चाक खोलायला बसले. तासभर गेला. शाळेला निघालेली चार पोरं जमा झाली आणि त्यांनी हवा भरू लागायला मदत केली. हात पुसता पुसता हे म्हणाले, "असं होतंच अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे? मला तर कधी बोलला नाहीत."

"घरी सांगून काय करायचं? तू उगाच काळजी केली असतीस."

मी गप्प बसले, पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. काळजी तर मी करतच होते. फक्त कशाची करायची ते मला माहीत नव्हतं.

आंबोलीत चहा घेतला आणि घाट उतरलो. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली जत्रा असते. डिसेंबरात रस्ता शांत असतो, माकडं कठड्यावर बसलेली आणि खाली कोकण धुक्यात झाकलेलं. वळणावर गाडी कलते तेव्हा मागच्या माणसाने उलट बाजूला झुकायचं नसतं, गाडीबरोबर कलायचं असतं, हे मला तिथे समजलं. सावंतवाडीला ह्यांच्या मावशींकडे मुक्काम केला. मोती तलावाकाठी पाय मोकळे केले, मुलांसाठी लाकडी भाज्या-फळं घेतली. मावशींनी पाठीला तेल चोळून दिलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी करत आणि झुआरी ओलांडून दहा-साडेदहाला बोगमाळोच्या रस्त्याला लागलो. दाबोळीचा विमानतळ शेजारीच आहे आणि तो नौदलाचाही तळ आहे. संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. आत दोन मजल्यांवर चित्रं, नमुने आणि यंत्रांचे भाग आहेत. बाहेर मोकळ्या अंगणात खरी विमानं उभी आहेत. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं थोरलं विमान एकेकाळी एअर इंडियाची उतारू-सेवा करत होतं. तिथून ते हवाई दलात आणि मग नौदलात आलं. एका बाईने माहेर, सासर आणि लेकीचं घर अशा तिन्ही ठिकाणी राबावं तसं! लोक त्याच्यापाशीच जास्त गर्दी करतात. हे मात्र थेट हेलिकॉप्टरांकडे गेले.

तीन हेलिकॉप्टरं मी नीट पाहिली, त्यांची ओळख करून देते.

पहिलं अगदी चिमुकलं, ह्यूज ३००. पुढे काचेचा मोठा फुगा आणि मागे नुसती नळीसारखी शेपूट. अमेरिकन बनावटीचं हे यंत्र नौदलाने शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलं. आपण मुलांना आधी छोट्या सायकलवर बसवतो, तसंच.

दुसरं रशियन, कामोव्ह २५. हे बुटकं न् जाडजूड दिसतं आणि त्याच्या डोक्यावर पात्यांचे दोन थर आहेत, एकावर एक. ते का, हे ह्यांनी मला सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण मला ते एकदम पटलं. आपण मिक्सर सुरू करतो तेव्हा वरून हात धरला नाही तर अख्खा मिक्सरच ओट्यावर उलटा फिरू बघतो. आतलं पातं एका दिशेला जातं, म्हणून धड दुसऱ्या दिशेला ओढलं जातं. हेलिकॉप्टरचंही तसंच आहे. वरची पाती एका बाजूला फिरली की खालचा सांगाडा उलट्या बाजूला गरगरायला बघतो. ते थांबवायला शेपटीला छोटा उभा पंखा असतो. तो म्हणजे मिक्सरवर ठेवलेला आपला हात. कामोव्हमध्ये वरचा थर एका दिशेने आणि खालचा विरुद्ध दिशेने फिरतो. दोघं एकमेकांना सांभाळतात, म्हणून शेपटीच्या पंख्याची गरजच राहत नाही. यंत्राची लांबी त्यामुळे कमी होते आणि युद्धनौकेच्या लहानशा डेकवर ते मावतं. ही हेलिकॉप्टरं १९८० च्या सुमारास रशियन बनावटीच्या विनाशिकांबरोबर आपल्याकडे आली. समुद्रात खोल दडलेली पाणबुडी हुडकणं हे त्यांचं काम होतं.

तिसरं हेलिकॉप्टर म्हणजे चेतक. खरं तर आम्ही इतक्या लांब आलो ते याच्यासाठी.

चेतक मूळचं फ्रेंच. फ्रेंच भाषेत त्याचं नाव अल्युएत, म्हणजे चंडोल पक्षी. १९५९ साली ते पहिल्यांदा उडालं. १९६२ मध्ये ते भारतात बनवण्याचा करार झाला आणि १९६५ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान कारखान्यात, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, जुळवलेलं पहिलं चेतक आकाशात गेलं. तेव्हापासून तिथे अशी तीनशेहून अधिक बनली. आपल्याकडे चंडोलाचा राणा प्रतापाचा घोडा झाला. नाव समर्पकच म्हणायचं, कारण जखमी माणसाला पाठीवर घालून सुखरूप आणणं हेच दोघांचंही काम. वैमानिक धरून सात माणसं त्यात बसतात. डोक्यावर तीन पाती, एकच इंजिन आणि पुढे भलीमोठी काच.

विमानवाहू जहाजावरून विमानं उडताना आणि उतरताना बाजूला एक चेतक हवेत तरंगत ठेवण्याची पद्धत असे. एखादं विमान चुकून समुद्रात पडलं तर तत्काळ जाऊन वैमानिकाला वर खेचायचं. बचावाच्या चेतकाला दाराशी विंच असते, आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखी. दोर खाली सोडायचा, माणूस अडकवायचा आणि वर गुंडाळायचा. चेतकावरून हे बचावाचं काम करणाऱ्या नौदलाच्या तुकडीचं नाव 'एंजल्स' म्हणजे देवदूत आहे. १९७१ च्या युद्धात 'विक्रान्त' बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं चितगाव न् कॉक्स बझारवर जात होती. ती दोन्ही जातीची विमानं याच अंगणात उभी आहेत. लढणाऱ्यांचं नाव होतं. उचलून आणणाऱ्यांचं फारसं होत नाही. घरातल्या कामासारखंच हे.

आम्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर पसरल्या, महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तो आवाज आम्ही दिवसदिवस ऐकला. आमच्या गच्चीवर शेजारची दोन कुटुंबं येऊन राहिली होती. आवाज आला की मुलं वर बघून हात हलवत. मोठी माणसं मात्र तो कुठल्या गावाच्या दिशेने जातोय ते बघत आणि त्या गावात आपलं कोण आहे ते मनात आठवत. चेतकाच्या पुढ्यात उभी राहिले तेव्हा मला तो आवाज आठवला.

हे फोटो काढण्यात दंग झाले. नाक, शेपूट, पात्यांचा गड्डा, अंगावरचा क्रमांक. मी बाजूला सावलीत उभी होते. तिथे साठीच्या एक बाई मुलाचा हात धरून चेतकाकडे बघत होत्या. नऊवारी नाही, पण कपाळावर ठसठशीत कुंकवाची जागा रिकामी. आमची हेल्मेटं बघून त्यांनी चौकशी केली आणि मी कोल्हापूर म्हटल्यावर हसल्या. "कोल्हापुरासून गाडयेर बसान इलंस? धाडसाची आसस गो बाय!"

त्या वेंगुर्ल्याकडच्या. त्यांचे यजमान नौदलात तंत्रज्ञ होते आणि काही वर्षं याच चेतकांच्या देखभालीवर होते. वास्कोला नौदलाच्या वसाहतीत त्यांचा संसार झाला. माझ्यासाठी मराठी जरा सरळ करून त्या म्हणाल्या, "हे घरी काही सांगत नसत. कामाचं बोलायचं नाही, असा नियमच. पण आम्हाला आवाजावरून कळायचं. सकाळी नेहमीच्या वेळी गेलं तर सराव. अवेळी गेलं, की सगळ्या बायका पोळ्या टाकून गॅलरीत यायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. परत आल्याचा आवाज ऐकला की आत जायचं आणि तवा परत ठेवायचा."

"आणि तुमचे यजमान त्यात असायचे?"

"कधी असायचे, कधी नसायचे. पण त्यात कुणाचे तरी असायचेच ना!"

मला काही बोलता येईना. मी त्यांचा हात धरला. त्यांनीच मग विषय बदलला आणि विचारलं, "मुलं कुणाजवळ ठेवलीत?"

आमची वही उघडून पाहिलीत तर प्रत्येक फोटोखाली यंत्राची माहिती सापडेल: वजन, वेग, किती उंच जातं. संग्रहालयातल्या फलकांवरही तीच असते आणि ती असायलाच हवी. पण या यंत्राचा अर्धा इतिहास गॅलरीत उभा होता. तो कुठल्या फलकावर मावणार?

आता मैत्रिणींनो, जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. चेतकाचा एक धाकटा भाऊ आहे, चीता. तोही मूळचा फ्रेंच, पण आपल्या हिमालयातल्या उंच ठाण्यांची गरज डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला. १९७० मध्ये तो एचएएलमध्ये बनवण्याचा करार झाला. १९७२ साली या जातीच्या हेलिकॉप्टरने फ्रान्समध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती. एव्हरेस्टच्याही कितीतरी वर! १९८४ साली आपलं सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर गेलं, तेव्हापासून तिथल्या जवानांना रॉकेल, औषध, पत्रं पोचवणं आणि आजारी माणसाला खाली आणणं ही कामं चीताने केली. उपकार मोठे आहेत. पण यंत्र जुनं झालं. एकच इंजिन, नव्या हेलिकॉप्टरांत असतात तशी धोक्याची सूचना देणारी साधनं त्यात नाहीत. अपघात होत राहिले, तरुण वैमानिक गेले.

तेव्हा काय झालं? २०१५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचा एक गट तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेला आणि चेतक न् चीता ही जुनी हेलिकॉप्टरं सेवेतून काढा, अशी मागणी त्यांच्यापुढे मांडली. ज्या बायका वर्षानुवर्षं आवाजाकडे कान लावून बसत होत्या, त्या उठून दिल्लीला गेल्या. त्यांनी नवऱ्यांना 'उडू नका' म्हटलं नाही. उडणं हे त्यांचं काम आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एवढंच म्हटलं की आमची माणसं ज्यात बसतात ते यंत्र चांगलं असू द्या.

बदल एका दिवसात होत नाही. एचएएलने बनवलेल्या नव्या हलक्या हेलिकॉप्टरचं पहिलं उड्डाण २०१६ मध्ये झालं. जुनी यंत्रं अजून पूर्णपणे निवृत्त झालेली नाहीत. म्हणजे चेतक संग्रहालयाच्या अंगणातही आहे आणि आकाशातही आहे. तिथे उभं राहून हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो. आणि एक गोष्ट आनंदाचीही सांगते. नाशिक रोडला लष्कराची हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शाळा आहे. तिथून २०२२ साली कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या हवाई शाखेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या. म्हणजे यापुढे फाटकाकडे कान लावून बसण्याचं काम काही नवऱ्यांच्याही वाट्याला येणार!

दुपारी बोगमाळोच्या किनाऱ्यावर दशम्यांचा डबा उघडला. मी म्हटलं, "लेहला जायचंय ना?"

"मनात आहे," म्हणत ह्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं. नकार येणार असं वाटलं की हे असंच करतात.

"जा. पण माझ्या तीन गोष्टी आहेत. गाडी निघायच्या महिनाभर आधी पूर्ण उघडून बघायची, ब्रेक, क्लच, चेन, टायर, आणि मेकॅनिक सांगेल ते ऐकायला मी समोर असणार. दुसरं, दोघांनी जायचं नाही, निदान चौघं हवेत. तिसरं, रोजच्या मुक्कामावरून फोन, आणि चाक बसलं तर चाक बसलं म्हणून सांगायचं. मी काळजी करणारच आहे. निदान खऱ्या गोष्टीची करू द्या."

बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "पहिलं आणि तिसरं कबूल. दुसऱ्याचं बघतो."

"बघतो नाही. सांगा."

"अगं, माणसं मिळायला हवीत ना!"

हा लेख लिहीपर्यंत एक तिसरा गडी मिळाला आहे. चौथ्याचा शोध चालू आहे. तो नाही मिळाला तर काय, यावर आमचं एकमत झालेलं नाही. पण निदान बोलणं चालू आहे. विचारणं म्हणजे अडवणं नव्हे, हे आम्हा दोघांनाही तिथे त्या अंगणात कळलं असावं. हे तोंडाने कबूल करणार नाहीत, पण परतीच्या वाटेवर आजऱ्याला थांबून त्यांनी आपणहून टायरची हवा तपासली आणि किती आहे ते मला सांगितलं!

तुमच्यापैकी कुणाला असा प्रवास करायचा असेल तर थोडं अनुभवाचं सांगते.

पावसाळ्यात आंबोलीचा घाट मोटारसायकलसाठी नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून लांबचा प्रवास करू नका. सलवार-कमीज किंवा पँट बरी. ओढणी असेल तर कमरेला गुंडाळून गाठ मारा, मोकळी अजिबात सोडू नका. चाकात अडकली तर जिवावर बेततं. हेल्मेट मागच्या माणसालाही लागतंच, कायद्यानेही आणि शहाणपणानेही. केसांचा अंबाडा हेल्मेटात मावत नाही, सैल वेणी घाला.

दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला. सोयीची जागा मिळणार नाही म्हणून पाणी न पिण्याची आपल्याला सवय असते. ती या प्रवासात महागात पडते. पेट्रोल पंप आणि एस.टी. स्थानक आले की गरज असो नसो, थांबून घ्या. डब्याला दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दोन दिवस टिकतात आणि सांडत नाहीत.

आमचा जाऊन-येऊन साधारण पाचशे किलोमीटरचा प्रवास झाला, सोळा लिटरच्या आसपास पेट्रोल लागलं. संग्रहालयाचं तिकीट किरकोळ आहे. सोमवारी ते बंद असतं, तेव्हा दिवस बघून निघा. फोटो सकाळी काढा. दुपारी सगळं पांढरंफटक दिसतं. शेजारी नौदलाचा तळ आहे, त्या दिशेला कॅमेरा वळवू नका. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या यंत्रांना जपणं हे सोपं काम नाही. मुलं बरोबर असतील तर पात्यांना लोंबकळू देऊ नका. त्यापेक्षा त्यांना मिक्सरचा दाखला सांगा. मी वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग पंखा छताला का फिरवत नाही?" छत घट्ट धरून ठेवतं म्हणून, असं मी म्हटलं. तुमच्या मुलांना विचारून बघा.

लेहसारख्या ठिकाणी कुणी निघालं असेल तर आणखी दोन गोष्टी. आपल्याकडचा प्रीपेड मोबाईल तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतो. तेव्हा 'फोन लागला नाही' ही सबब आधीच मिटवून टाका. आणि वर पोचल्यावर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती, कारण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो.

आपल्या घरातलं माणूस स्कूटरवर जात असो, ट्रकवर असो, बोटीवर असो की विमानात, त्याच्या वाहनाबद्दल आपल्याला चार गोष्टी ठाऊक असाव्यात आणि त्या विचारताना संकोच वाटू नये. टायर कधी बदलला? ब्रेक कसे आहेत? बरोबर कोण आहे? पोचल्यावर कळवणार कसं? भाजीला काय करू, हे विचारतो तितक्याच सहजपणे हे विचारावं. उत्तर ऐकून मग खुशाल 'हळू चालवा' म्हणावं.